पान सत्तेचाळीस

तो जिन्यात गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या अवतीभवती करड्या ठोकळ्यांचा सडा पडला होता. फाटकी पिशवी कठड्याला लटकत होती. दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल खोचलेली होती, त्यातल्या एकीचा त्याला बहुधा विसर पडला होता.

"पाऊल टाकू नका... प्लीज. आहात तिथेच थांबा."

मी एक पाय हवेत ठेवून थांबले. "किती वेळ?"

"दोनशे बारा सापडेपर्यंत. एकशे नव्वद झालेत."

मग काय, मीही पायरीवर बसले. कचेरीत उशिरा पोचले तर मॅडम डोळे वटारणार होत्या, पण सांडलेले ठोकळे सोडून पुढे जाणं मला जन्मात जमलेलं नाही. मी ओंजळ भरून त्याला ठोकळे देत होते, तो पुटपुटत मोजत होता. शेवटचा, सांध्याचा ठोकळा देताना माझी बोटं थबकली.

"हा जुन्या साच्यातला आहे. याची पकड सैल असते."

"नुसता हातात घेऊन कळलं?"

"माझ्या बोटांना दुसरं काही येत नाही."

तो हसला. चेहऱ्याआधी कान हसले, पेन्सिलींसकट. मी निघाले, आणि तीन पायऱ्या चढल्यावर उगाचच मागे वळून पाहिलं. तो अजून वरच बघत होता.

दहा मिनिटांनी तो परत भेटला, तो थेट माझ्या खोलीत. त्याच्या हातात खोकं होतं आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या मुलाचा रंग.

सांगायचं राहिलं, मी खेळण्यांच्या कंपनीत परीक्षक आहे. ठोकळ्यांचा नवा संच बाजारात जायच्या आधी मी तो जोडते. घरी बसून कुणीही जोडेल तसा, फक्त पुस्तिकेतली चित्रं बघून. जिथे माझा हात दहा सेकंदांहून जास्त अडेल, त्या पानावर मी एक लाल टिकली चिकटवते. जितक्या टिकल्या, तितकी रचनाकाराची डोकेदुखी. अख्खा मजला मला पाठीमागे टिकलीबाई म्हणतो, आणि निम्मा मजला तोंडावरसुद्धा.

संच ज्याने रचला, त्याला जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीमागे खुर्चीवर बसावं लागतं. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, खोकायचंही नाही. सुरुवातीला दोघांनी वेगवेगळा एकेक कागद भरून मॅडमकडे द्यायचा. त्यात एकच प्रश्न असतो : समोरच्या व्यक्तीशी कामाखेरीज काही संबंध आहे का? असल्यास कधीपासून? मी न वाचताच 'नाही' लिहिलं.

"हा संच आधी एकदा दुसऱ्या परीक्षकाकडे नापास झालाय," मॅडम जाता जाता म्हणाल्या. "तीनदा नापास झाला की संच कायमचा बंद. आणि यांचं इथलं कामही."

मी खोकं उघडलं. बाराशे चौऱ्याऐंशी ठोकळ्यांचा रोबोट. छातीत चालकाची खोली, तिचं झाकण खालून वर उघडायचं, आत बोटाच्या पेराएवढा चालक. पाठीवर घडीचे पंख. खरं सांगते, एवढी वर्षं हे काम करूनही माझ्या हाताला गुदगुल्या झाल्या. पंखांची घडी पहिल्यांदा खटकन उघडली तेव्हा मी चक्क दोनदा पुन्हा मिटून उघडली, काहीएक कारण नसताना.

पान सत्तेचाळीसवर मी घोट्यांची अदलाबदल केली. डावा घोटा उजव्या पायाला. मला पत्ताच नव्हता. सहज मान वर झाली, तर खिडकीच्या काचेत त्याचा चेहरा दिसला. तो स्वतःच्या हातांवर बसला होता आणि पेन्सिल दातात धरून अशा काही व्याकूळ नजरेने त्या पायाकडे पाहत होता, की मला चूक तिथल्या तिथे कळली. मी घोटा काढला, बरोबर लावला. पुढचं पान उलटलं. टिकली लावली नाही.

सगळं जोडून झाल्यावर ठोक्यांची चाचणी. टेबलावर मुठीने तीनदा ठोकायचं आणि रोबोट उभा राहतो का बघायचं. पहिल्या ठोक्याला तो डुलला. दुसऱ्याला त्याचा खुबा खचला आणि तो टेबलावर तोंडघशी पडला. चालक उडून माझ्या मांडीवर आला.

मी अहवालात लिहिलं : खुब्याचा सांधा सैल. नापास.

"जुन्या साच्यातला," तो हळूच म्हणाला.

"मी जिन्यात सांगितलं होतं."

"हो... पण तेव्हा मी सांध्याकडे बघत नव्हतो."

तो कुणाकडे बघत होता, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

तिसऱ्या आणि शेवटच्या परीक्षेला सहा आठवडे होते. मधल्या काळात परीक्षकाने आणि रचनाकाराने संचाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हाही नियमच. त्यामुळे आम्हाला बाकी सगळ्यावर बोलावं लागलं. कँटीनमध्ये तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहायचा.

"बसू? संचाबद्दल बोलणार नाही."

"मग कशाबद्दल?"

"तुम्ही चमचा डाव्या हातात का धरता याबद्दल."

"उजव्या हाताला सुट्टी असते."

"आणि तुम्हाला?"

"मला रविवारी."

"मग रविवारी..." एवढं बोलून तो समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिला. बाराशे ठोकळ्यांचा राक्षस उभा करणाऱ्या माणसाला एक वाक्य पुरं करता येईना. शेवटी मीच म्हटलं, "रविवारी नदीवरच्या पुलावर, पाचला. आणि अहो-जाहो घरी ठेवून ये."

असे पाच रविवार झाले. ताईला सगळं कळलं होतं, मी एका शब्दाने सांगितलं नसताना. केस विंचरता विंचरता ती म्हणाली, "रोबोटवाला कसा आहे?"

"कोण रोबोटवाला? माझं कामाशी काम."

"चोराच्या मनात चांदणं. मी नुसतं विचारलं, कान का लाल झाले?"

त्या रात्री झोपेचं खोबरं झालं. मी मनातल्या मनात तो रोबोट पुन्हा जोडला आणि सत्तेचाळीसव्या पानावर अडकले. ते पान चुकीचं होतं. चित्रात डावं-उजवं कळतच नाही. घरी बसलेल्या माणसाला काचेत त्याचा चेहरा थोडाच दिसणार आहे? मी पुस्तिका वाचलीच नव्हती, मी त्याला वाचलं होतं. टिकली लावली असती तर त्याने पान सुधारलं असतं. आता शेवटची संधी, आणि पान तसंच.

उद्याच्या परीक्षेला मी बसले तर रोबोट नक्की पास होणार होता. मला पानन् पान पाठ होतं. दुसरं कुणी बसलं तर त्याचं काय होईल ते देवाला ठाऊक, आणि त्याचं इथलं काम माझ्या एका शब्दावर टांगलेलं.

सकाळी मॅडमनी कागद पुढे केला. संबंध आहे का? मी लिहिलं : हो. कधीपासून? मी लिहिलं : पान सत्तेचाळीसपासून. तिथे टिकली हवी होती, मी लावली नाही.

मॅडमनी चष्मा वर केला, कागद दोनदा वाचला. मग खण उघडून दुसरा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. त्याचं अक्षर. तो माझ्याआधी येऊन गेला होता. संबंध आहे का? हो. कधीपासून?

जिन्यातल्या तिसऱ्या पायरीपासून.

"दोघांनी ठरवून लिहिलं का?"

"नाही हो, मॅडम."

"वाटलंच. ठरवून लिहिलं असतं तर तारीख तरी घातली असती." त्या उठल्या. "आता जोडायला मीच बसते. मला रोबोटचं काडीचं प्रेम नाही, हे आधीच सांगून ठेवते. दोघंही पट्टीमागे जा."

खुर्ची एकच होती. तो उभा राहिला, मग मीही उभी राहिले. तीन तास. मॅडमची बोटं जाड, चेहरा कोरा. पंखांशी त्या थांबल्या, पंख उघडले, मिटले... आणि पुन्हा उघडले. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. आम्हा दोघांनाही हसायची बंदी होती.

पान सत्तेचाळीस. डावा घोटा उजव्या पायाला. मॅडम थांबल्या. पाय उलटा केला, पुस्तिका आडवी धरली. मी मनात आकडे मोजत होते. अकराव्या सेकंदाला त्यांनी टिकली लावली. माझ्या शेजारी त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

दुपारच्या आत रोबोट उभा होता. मॅडमनी मूठ वळली. पहिला ठोका. दुसरा ठोका, नव्या साच्यातला खुबा करकरला, पण धरून राहिला. तिसऱ्या ठोक्याला पंख थरथरले, छातीचं झाकण आपोआप उघडलं आणि चालक आत शांत बसलेला दिसला.

"एक टिकली," मॅडम म्हणाल्या. "सत्तेचाळीसवं पान नव्याने काढा. बाकी पास." दारातून वळून त्या म्हणाल्या, "आणि तू यापुढे याच्या संचाला हात लावायचा नाहीस. घरी लाव हवा तर."

दार लागलं. माझा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ लाज वाटली.

"ती टिकली मीच लावायला हवी होती," मी म्हटलं. "माझ्यामुळे तुझं सगळं गेलं असतं."

"तू लावली असतीस तर..."

"तर काय?"

"तर तू काचेतून माझ्याकडे बघत होतीस, हे मला कळलंच नसतं." त्याने टेबलावर हात ठेवला, माझ्या हातावर. "मलाही तू काचेत दिसत होतीस. मी मॅडमना सांगायला हवं होतं. मी तेव्हा फार खूश होतो, म्हणून गप्प बसलो. चूक अर्धी अर्धी."

"पण तू माझ्या आधी. तिसरी पायरी?"

"तू वळलीस ना तिथून."

त्याचा हात तिथेच होता. मी मोजलं. आठ, नऊ, दहा, अकरा. मग टेबलावरची टिकल्यांची गुंडाळी ओढली, एक लाल टिकली काढली आणि त्याच्या मनगटावर लावली.