ओतिलियाने पत्करलेला दोष

"आत्या, ती बाई तुमच्या हातून मेली तरी कशी?"

मिकाएलाच्या प्रश्नासरशी ओतिलियाने हातातली सुपाची वाटी खाली ठेवली. रविवारचं जेवण, लोहा शहरातलं भावाचं भरलं घर... आणि डॉक्टरकी शिकणाऱ्या भाचीने सगळ्यांदेखत जखमेवरची खपली ओढली होती!

"चूक होते माणसाच्या हातून," तिचा धाकटा भाऊ, डॉक्टर रामिरो, मान वर न करता पुटपुटला.

"चूक नव्हे, बाबा! पेनिसिलिन चालत नाही असं कागदावर लाल शाईने लिहिलं होतं. ते न बघता सुई टोचणं ही हलगर्जी. आम्हाला पहिल्याच वर्षी हा फरक शिकवतात."

ती लाल ओळ ओतिलियानेच लिहिली होती! दोनदा तिने भावाला अडवलं होतं, पण "डॉक्टर कोण, तू की मी?" म्हणत त्यानेच सुई हिसकावून घेतली... आणि घटकाभरात ती बाई, सेगुंदोची बायको कार्मेलिना, निळी पडली. त्या संध्याकाळी आई ओतिलियापुढे गुडघे टेकून रडली होती, "पोरी, तू साधी नर्स. तो बुडाला तर घर बुडेल!" सुई आपणच टोचली, अशा जबाबावर ओतिलियाने सही केली. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. चौदा वर्षं ती बाजारात मक्याच्या पानात वाफवलेल्या उमिता विकत राहिली, आणि भावाचं नाव मात्र वाढत गेलं!

"पुरे!" म्हातारी आई उठली. "मिकाएला, तुझ्या आत्याने कुणाला मारलं नाही गं. सुई तुझ्या बापाने टोचली, आणि हिला खोटं बोलायला मी लावलं!"

रामिरोचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई... क्षमा कर गं मला!"

"माझी कसली क्षमा मागतोस? बायको सेगुंदोची गेली. त्याच्या दारी चल."

त्याच दुपारी दोघं गेली. सेगुंदोने उंबऱ्यातच सगळं ऐकून घेतलं. हा माणूस आता तरी आपल्याला निर्दोष म्हणेल... त्या एका शब्दाची ओतिलिया वाट बघत होती.

सेगुंदोने रडणाऱ्या रामिरोकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, हा असा डॉक्टर आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"आणि तुम्ही गप्प बसलात! गेल्या वर्षी माझी लेक बाळंतपणाला मी ह्याच्याच हाती सोपवली, बाई... विश्वासाने सोपवली!"

"ती... सुखरूप आहे ना?"

"आहे. पण त्यात तुमचे उपकार नाहीत."

दार लागलं.

ओतिलियाने भावाचा गार पडलेला हात धरला.

"चल, रामिरो. उद्या सकाळी कोर्टात जाऊन खरं ते लिहून देऊ. तुझा जबाब वेगळा, माझा वेगळा."

"तुझा कशाला, ताई? तू तर..."

"माझाही गुन्हा आहे रे," ती म्हणाली आणि चालू लागली.