वाणीआळीचा दिवा

कातळगडाच्या पूर्व बुरुजावर पहिलं ऊन चढलं, नगारखान्यात चौघडा झडला, तेव्हा पायथ्याच्या मंगळपेठेत गुंडशेट वाण्याचं प्रेत त्याच्याच दारात पडलेलं होतं. वर्षभर पेठेत साधी चोरी नव्हती! किल्लेदार मानाजीरावांनी नाक्यानाक्यावर खांब रोवून दिवे लावले, तेव्हापासून चोरांनी पेठेकडे पाठ फिरवली होती. दिवा विझला तर तो सांभाळणाऱ्या दिवट्याचा हात कलम, असा सक्त हुकूमच होता.

त्याच हुकमाने सटवाजी दिवट्याला सदरेवर उभं केलं. वाणीआळीचा दिवा त्याच्याकडे. तो रात्रभर जळत होता, आणि त्या उजेडात तलवार पुसत वाण्याच्या दारातून बाहेर पडलेला माणूस सटवाजीने धडधडीत पाहिला होता. तोच आता गादीशेजारी बसून निवांत विडा चघळत होता. किल्लेदारांचे एकुलते एक चिरंजीव, जिवाजीराव!

पायरीशी कोतवाल कुजबुजला होता, "दिवा विझला होता म्हण. हात जाईल, जीव तरी वाचेल." बायको तानूनेही पाय धरून तेच विनवलं होतं.

"सटवाजी," मानाजीराव गरजले, "दिवा जळत होता की विझला होता?"

समोर वाण्याची लेक बापाचं रक्ताळलेलं पागोटं छातीशी धरून उभी होती. तिच्याकडे पाहून त्याला खोटं बोलवेना.

"मायबाप, जळत होता."

"मग खुनी दिसला असेल."

"दिसला, सरकार. गुन्हा माफ असावा. धाकटे सरकार होते."

मानाजीरावांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली. बापाला सगळं उमगलं. पण कसला न्याय न् कसलं काय!

"याच्या डोळ्यांना भलतंच दिसतं," ते शांतपणे म्हणाले. "काढून टाका."

तापल्या सळया लगेच आल्या. सदरेवर दोनशे माणूस होतं. कुणी ब्र काढला नाही. वाण्याच्या लेकीनेही नाही.

दिवे मात्र बंद झाले नाहीत, उलट दहा वाढले. सहा महिन्यांत पेठेतली सात घरं फुटली, सगळी लख्ख उजेडात, आणि कुणालाही काही दिसलं नाही.

आंधळा सटवाजी ओट्यावर बसून असे. तिन्हीसांजेला आळीतल्या खिडक्या धडाधड लागत, दारांना अडसर पडत.

"तानू," तो म्हणे, "दिवे लागले वाटतं."