नव्याण्णवावी बी

भाग एक

"अहो! कचऱ्यात काय टाकताय ते?"

संग्रहालयाच्या मागच्या दाराशी, भुरभुर पावसात, खोकं उचललेला माणूस दचकून थांबला.

"जुने गेम आहेत. तुम्हाला काय करायचंय?"

"मला हेच करायचंय. त्याचाच पगार घेते मी."

जुन्या व्हिडिओ गेमची नोंद ठेवणं हे तिचं काम. खोक्यात चक्क 'नाकतोड्या'चे सहाही भाग! रेनकोट घातलेला हिरवा नाकतोडा, या छपरावरून त्या छपरावर टुणटुण उड्या मारणारा. एके काळी त्याच्यापायी पोरं जेवणखाण विसरायची.

"आणि हे फेकताय?"

"सहावा भाग खेळून बघा. तुम्हीही फेकाल."

नियम असा, की शेवटपर्यंत खेळून पाहिल्याशिवाय नोंद नाही. खोक्यातलं त्याचं मशीन तर इतकं खोडसाळ, की कॅसेट बोटाने दाबून धरली तरच चाले, आणि तीही त्यानेच. झालं! दर शनिवारी हा चष्मेवाला आपलं चष्म्यांचं दुकान भावावर सोपवून तिच्या शेजारी स्टुलावर बसू लागला.

भाग दोन आणि तीन, एकाच दुपारी

"मार उडी! ...आता कशाला मारलीस?"

"तुम्हीच म्हणालात, मार!"

"म्हणेपर्यंत वेळ गेली होती."

"मग आधी म्हणा ना!"

तो गप्प बसायचं वचन द्यायचा आणि पहिल्याच खड्ड्यापाशी मोडायचा. वर, तिचा चष्मा घसरला की न विचारता काढून घ्यायचा, दांडी किंचित वाकवून पुन्हा अलगद चढवायचा. खेळ चालू असताना! तेवढ्यात नाकतोडा हमखास मरायचा... आणि तिच्या कानाची पाळी उगाच गरम व्हायची.

भाग चार

उड्या सोडून नाकतोड्याला गाडी चालवायला लावलेलं. नोंदीत तिने लिहिलं — का?

भाग पाच

यात नाकतोडा बोलतो.

"गप्पच बसत नाही हा!"

"कोण?"

"दोघंही."

भाग सहा

शेवटचं दार उघडायला नव्याण्णव बिया लागतात. पहिल्याच शनिवारी अठ्ठ्याण्णव मिळाल्या.

भाग सहा

"विहिरीत पाहिलंस?"

"तीनदा."

भाग सहा

"धुराड्यामागे?"

"अरे, तूच दाखवलंस ना मघाशी!" तिचंही 'अहो' कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

भाग सहा

तिच्या अंगठ्याला फोड आला. विभागप्रमुख बाई दारातून डोकावल्या.

"काय शोधतेस गं? नव्याण्णवावी बी? ती कंपनी ठेवायलाच विसरली. घाईघाईत काढला तो भाग. तेव्हाच्या पोराटोरांना ठाऊक आहे. हा बोलला नाही?"

बाई गेल्या. तिने कंट्रोलर खाली ठेवला. फार हळू.

"ठाऊक होतं तुला?"

"बारा वर्षांचा होतो... अख्खी सुट्टी शोधली होती. तेव्हापासून—"

"म्हणजे होतं! चार शनिवार! माझा अंगठा बघ!"

त्याने पाहिला. जरा जास्तच वेळ.

"पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण नोंद झाली असती. मशीन घेऊन जा म्हणाली असतीस. मग मी यायचं कशाच्या निमित्ताने?"

"तोंड दिलंय ना देवाने? नको तिथे 'उडी मार, उडी मार', आणि इथे दातखीळ?"

"तू नाही म्हणाली असतीस तर..."

"तर एका मिनिटात मोकळा झाला असतास!"

"म्हणाली असतीस?"

सगळ्यात वैताग याचाच होता, की उत्तर तिला कधीचं माहीत होतं.

तिने फॉर्म ओढला. 'शेवटपर्यंत खेळता येत नाही' असं लिहून त्याच्यापुढे सरकवला.

"सही कर. काम संपलं. आता शनिवारी इथे यायचं नाही."

त्याने सही केली. चेहरा एवढासा झाला. कॅसेटवरचं बोट निघालं, पडदा काळा झाला.

"रविवारी मी रिकामी असते," पेनाचं टोपण लावत ती म्हणाली. "अकरा वाजता. आणि हे बघ, पुन्हा काही लपवलंस ना—"

"एकच राहिलंय. आत्ताच सांगून टाकतो."

"आता काय?"

"तू मला आवडतेस."

"ते पहारेकऱ्यापासून बाईंपर्यंत सगळ्यांना माहीत आहे," ती वैतागून म्हणाली. "दुसरं काही असेल तर बोल."