पानाआडचा घड

अँसेल्मची आणि माझी पहिली भेट म्हणजे सरळ टक्कर. मी द्राक्षांच्या ओळीतून वाकून मागे सरकत होते, तो पाठीवरची रिकामी टोपली घेऊन परतत होता. माझी कात्री त्याच्या पायावर पडली.

“पाय छाटायचा होता का?”

“घड वाटला,” मी म्हटलं. “तेवढाच काळानिळा आहे.”

तो हसला… आणि त्या दिवसापासून सगळ्यांआधी माझीच बादली उचलायला लागला.

“लेओंतीन, बादली अर्धीसुद्धा नाही भरली, आणि हा आला बघ!” शेजारच्या ओळीतून म्हातारी नोएली ओरडायची.

आमच्याकडे तोडणीत एखाद्या मुलीनं वेलावर घड विसरला, की ज्या पोराला तो सापडेल त्यानं तो तिच्या गालावर चिरडायचा, आणि वर एक मुकाही घ्यायचा. आईबापांसमोर घेतला तरी कोणी काही म्हणत नसे.

तोडणी संपायला दोन दिवस उरले होते. मग अँसेल्म डोंगरापलीकडे आपल्या गावी जाणार. मी कारिन्यां जातीच्या काळ्या द्राक्षांच्या जुन्या वेलावर, पानाआड, एक टपोरा घड मुद्दाम ठेवला आणि पुढे सरकले. त्याची पावलं त्या वेलापाशी थांबली. मी डोळे मिटले. गाल आधीच तापले होते…

पावलं निघून गेली. वळून पाहिलं तर वेलावर घड नव्हता, आणि तो गाडीकडे चालला होता.

मी त्याला नको आहे, असंच मी धरून चालले. तो निरोप घ्यायला आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. वळलेच नाही. पुढच्या वसंतात पाववाल्या रेमीशी लग्न केलं. चांगला होता बिचारा.

बेचाळीस वर्षांनी, रविवारच्या बाजारात, वाइनच्या एका टेबलामागे अँसेल्म उभा होता. केस पांढरे, हसू तेच.

“ग्रनाश, सिरा आणि थोडं कारिन्यां. माझ्याच मळ्यातलं,” म्हणत त्यानं पेला दिला. “सांग, कशी आहे?”

“जड नाही. गोडही नाही. शेवटी जरा तुरट लागते.”

“ते कारिन्यां. सगळे म्हणतात, उपटून टाक. मला नाही जमलं.” त्यानं बाटलीला बूच लावलं. “तुझा एक घड राहिला होता बघ… मी टोपलीत तळाशी लपवला. मागून ती टारगट पोरं येत होती. म्हटलं, तुझी फजिती नको.”

“राहिला नव्हता, अँसेल्म. ठेवला होता. तुझ्यासाठी.”

पेल्याच्या काठावरचा लाल थेंब त्यानं बोटावर घेतला. बोट वर आलं — माझ्या गालापासून वीतभर अंतरावर थबकलं.

“अँसेल्म, खोकी आणतोस ना?” मागून त्याच्या बायकोची हाक आली.

त्यानं बोट एप्रनला पुसलं. “आणतो.”

मी पेला ठेवला आणि घराकडे निघाले. गाल तापला होता.