ईस्टरसाठी पेटी

नागपूरच्या इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानांपाशी एक हातगाडी अचानक आडवी आली आणि रितिकाची स्कूटी तिच्यावर जाऊन टेकली. गाडीवर चादरीत गुंडाळलेली बाजाची पेटी होती. धक्क्यासरशी तिच्यातून एक रडका सूर निघाला...

“सॉरी... लागलं का कुणाला?”

“पेटीले विचारा,” गाडी ढकलणारा तरुण घाम पुसत म्हणाला. “आधीच आजारी आहे. दुरुस्तीले नेऊन राहिलो.”

“भात्याला छिद्र आहे. सूर ऐकूनच कळतं.”

तो बघतच राहिला. “तुम्ही वाजवता?”

“वाजवायचे... आधी.”

त्याचं नाव सौरव. सावनेरच्या शाळेत गणित शिकवायचा आणि नागपुरात आपल्या चर्चचं गायनमंडळ सांभाळायचा. ईस्टर अकरा दिवसांवर आला होता आणि पेटी वाजवणाऱ्या बायजाबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता.

“देवानंच धाडलं तुम्हाले,” तो म्हणाला.

“देवाचं नाव नका घेऊ. कितीक वर्षं झाली, मी चर्चची पायरी चढले नाही.”

“काहून?”

इतकं सरळ तिला कुणी विचारलंच नव्हतं. “कोरोनात पप्पा दवाखान्यात होते. सतरा दिवस मी गुडघे टेकून प्रार्थना करत होते. अठराव्या दिवशी ते गेले.”

त्यानं बायबलातलं कुठलंही वचन ऐकवलं नाही. पेटीवरची चादर नीट करत हळूच म्हणाला, “मग भांडायले तरी या. स्तोत्रसंहितेत अर्धे लोक देवाशी भांडूनच राहिले.”

रितिकाला हसू आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चर्चच्या दारात उभी होती.

मिहानच्या आयटी पार्कमधल्या तिच्या ऑफिसात तेव्हा रोज कुणाची ना कुणाची खुर्ची रिकामी व्हायची. काढलेल्यांची यादी मेलवर यायची; ती धास्ती तिनं सौरवलाही सांगितली होती. पण सहा वाजले की तिची पावलं आपोआप चर्चकडे वळायची. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास, बाकावर ताल धरणारी सौरवची बोटं... आणि मधेच भिडणारी नजर.

“तुम्ही माझ्याकडे पाहत नाही, म्हणून ताल चुकते,” तो एकदा म्हणाला.

“पाहिलं की चुकतो,” ती बोलून गेली, आणि लाजून पट्ट्यांवर वाकली. मागच्या बाकावरच्या मुली खुदखुदल्या.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी मेल आला. यादीत तिचं नाव होतं.

ती घरी गेलीच नाही. रिकाम्या चर्चमध्ये येऊन बसली. सौरव सरावासाठी लवकर आला, तिचा चेहरा पाहून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

“नोकरी गेली,” ती म्हणाली.

“प्रार्थना करू?”

“नको... मीच करते.”

कितीतरी वर्षांनी तिनं हात जोडले. “प्रभू, मी रागावलेय तुझ्यावर. पप्पांना का नेलंस, ते तू अजून सांगितलं नाहीस. उद्या काय होईल, मला ठाऊक नाही. पण तू ऐकतोयस, एवढं आज कळतंय... मला सोडू नकोस.”

डोळे उघडले तेव्हा छातीवरचा धोंडा कुणीतरी ढकलल्यासारखं वाटलं. सौरवचेही डोळे भरले होते.

ईस्टरच्या पहाटे प्रथेप्रमाणे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जमली. पूर्वेला तांबडं फुटलं. “प्रभू उठला आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “खरोखर उठला आहे,” शंभर कंठांतून उत्तर आलं, आणि रितिकाच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं पेटीचा भाता ओढला. दोन ओळी पलीकडे पप्पांची कबर होती. त्या दिशेला पाहत ती वाजवू लागली, आणि गाणं कधी ओठांवर आलं, तिलाही कळलं नाही.

उपासना संपल्यावर सगळे चहाकडे वळले. सौरव तिथंच घुटमळला.

“रितिका... एक सांगू?”

“सांगा की.”

“सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेत तुमचं नाव घेऊन राहिलो. आधी तुमच्या नोकरीसाठी घ्यायचो. मग... माझ्यासाठीच घ्यायले लागलो.”

तिनं पेटीचा भाता मिटला. “आणि मी नाही म्हटलं तर?”

“तरी घेईन. फक्त जरा हळू आवाजात.”

ती हसली. मग चहाकडे बोट दाखवत म्हणाली, “सौरव, तिकडे चहा वाटतेय ना, ती माझी आई, शोभाताई. आज खास मला ऐकायला आलीय. तिच्यासमोर घेशील माझं नाव?”

“आत्ता?”

“आत्ताच. मी आहे ना सोबत.”

त्यानं केसांवरून हात फिरवला, शर्ट नीट केला आणि दोघं चहाच्या टेबलाकडे निघाले.