तळाची फळी

"ह्यांची होडी कुणीतरी कापलीय," मिस्त्रीणबाई दारातूनच म्हणाल्या. दूध उतू गेल्याची बातमी सांगावी, तसा त्यांचा आवाज होता.

तपासनीसबाईंनी त्यांना बसवलं. यजमान चहा ठेवायला उठले. ते निवृत्त कंपाउंडर. बाई खाजगी तपासाला बाहेर पडल्या की गाडी चालवायची आणि हमखास चुकीचा तर्क लढवायचा, हे त्यांचं सध्याचं काम.

तळ्याकाठच्या संग्रहालयात आज लाकडी होड्यांचा मेळा होता. गावोगावचे लोक आपापल्या होड्या घेऊन आले होते. अकरा वाजता मिस्त्रींच्या होडीवरचा पडदा त्यांच्या बायकोच्या हस्ते दूर व्हायचा होता. मिस्त्री म्हणजे अख्ख्या तळ्यावरचे नावाजलेले होडी बांधणारे. आठ महिन्यांपूर्वी भर दुपारी ते याच होडीतून गेले आणि बुडाले. होडी खडकाळ काठाशी सापडली.

"लोक म्हणतात, प्यायलेले होते," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "शुद्धीतला माणूस त्या खडकांकडे होडी नेत नाही म्हणे. मी काही बोलत नाही. कुणाकुणाला सांगू?"

"होडी कापलेली कुणी पाहिली?"

"संग्रहालयाच्या साहेबांनी. सकाळी सातला." त्यांनी चहाचा कप हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. "मला रडूही आलं नाही बघा."

हिरवळीवर साठेक होड्या उपड्या-उताण्या पडल्या होत्या. कुणी वल्हं घासत होतं, कुणी वॉर्निशचा शेवटचा हात देत होतं. चहूकडून ठोकाठोक ऐकू येत होती.

मिस्त्रींची होडी आतल्या शेडमध्ये दोन लाकडी टेकूंवर ठेवली होती. लांब, अरुंद, हलकी. आत तळावर पाय ठेवायला पट्ट्यांची जाळी बसवलेली. बाई वाकून होडीखाली गेल्या. तळाला वीतभर चौकोनी भोक होतं. चारी कोपऱ्यांत आधी ड्रिलने भोकं पाडलेली, मग करवत फिरवलेली. जुनी भेग अर्ध्यातच त्या चौकोनात शिरून संपत होती.

बाईंनी कापलेल्या कडेवर नख दाबलं. वॉर्निशखालचं लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं दबलं.

"आठ महिने ओली राहिली असेल," कंपाउंडर म्हणाले.

"छे! अपघातानंतर आठवड्याभरात वाळवून आत घेतली होती," संग्रहालयाचे साहेब, म्हणजे संग्रहपाल, तुटकपणे म्हणाले. चष्मा कपाळावर, हातात कार्यक्रमाचा कागद. "तेव्हापासून पाण्याचा थेंब लागलेला नाही."

"शेडला कुलूप होतं?"

"रात्री होतं. पहाटे पाचला मीच उघडलं. तेव्हापासून पन्नास माणसं ये-जा करताहेत. या गोंगाटात करवतीचा आवाज कुणाला वेगळा कळणार?"

"होडीला शेवटचा हात कुणी लावला होता?"

"मीच. काल संध्याकाळी जाळी काढून तळ पुसला. स्क्रू गंजले होते म्हणून नवे घातले. घाईघाईत, कसेतरीच पिळले. आज नीट करणार होतो." ते जरा थांबले. "तळाला पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. चष्मा नव्हता, वाचता आलं नाही. मापं असतील. सगळे चहाला बसले होते तेव्हा म्हटलंही, मिस्त्रींचं अक्षर आहे, उद्या सगळ्यांना दाखवू."

"सगळे म्हणजे?"

"मिस्त्रींची मुलगी आणि धाकटे मिस्त्री. त्यांचा भाऊ."

बाई होडीत वाकल्या. जाळीवर आठ पितळी स्क्रू होते. त्यांनी एकेकावरून बोट फिरवलं. आठही स्क्रूंच्या खाचा होडीच्या लांबीच्या दिशेने, एका रेषेत होत्या.

"अहो," त्या यजमानांना म्हणाल्या, "कापलेला तुकडा शोधा बरं."

कंपाउंडरांनी शेड पालथी घातली, कचऱ्याचे डबे उपसले. भुसा मिळाला. तुकडा नाही.

मिस्त्रींची मुलगी तिकीट-खिडकीमागे बसली होती. ती रुग्णालयात परिचारिका होती, रात्रपाळी करून थेट आली होती.

"मला ती होडी डोळ्यांसमोर नकोच होती," ती म्हणाली. "आईला तिच्याशेजारी उभं करून फोटो काढणार. कशासाठी? पण मी नाही कापली. बाबांनी मला कधी साधा स्क्रू पिळू दिला नाही. हाताला लागेल म्हणायचे."

"आणि होडी पुढे कुणाची?"

"आईला परत हवीय. साहेबांना द्यायची नाहीये."

बाहेर येताच कंपाउंडर कुजबुजले, "साहेबच! मोडकी होडी कोण परत नेणार? आयतीच त्यांच्याकडे राहील."

"मोडायला करवत कशाला? एक हातोडा पुरला असता."

धाकटे मिस्त्री तळ्याकाठी उलट्या होडीवर बसले होते. ऊन चांगलंच चढलं होतं, तरी त्यांच्या कोटाची सगळी बटणं लावलेली होती.

"दादाबरोबर कारखान्यात तीस वर्षं काढली," ते म्हणाले. "त्यानेच शिकवलं सगळं."

"त्या होडीचं शेवटचं काम कुणी केलं?"

"मी. किरकोळ होतं."

"होडी संग्रहालयाला द्यायचं कुणी ठरवलं?"

"मीच. वहिनींना त्रास नको म्हणून." ते पाण्याकडे बघत राहिले. घामाची धार मानेवरून खाली गेली, ती त्यांनी पुसली नाही.

साडेदहाला बाईंनी चौघांना शेडमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"आपण सगळे सकाळपासून विचारतोय, भोक कुणी पाडलं," त्या म्हणाल्या. "पण भोक कुणालाच नको होतं. होडीचा नाश करायचा असता तर कुणी कोपरे ड्रिल करून चौकोन कापत बसलं नसतं, आणि तुकडाही उचलून नेला नसता. ज्याने हे केलं त्याला तुकडा हवा होता. त्याच्यावर अक्षरं होती."

"ते तर आम्हा तिघांनाच ठाऊक होतं," संग्रहपाल म्हणाले.

"हो. आता स्क्रू बघा. तुम्ही काल ते कसेतरी पिळलेत. आज आठही खाचा एका रेषेत आहेत. कापणाऱ्याने जाळी काढली, काम केलं आणि जाळी परत बसवली. घाईतसुद्धा त्याचा हात सवयीने चालला. जन्मभर होड्या बांधणाऱ्यालाच ही सवय असते. साहेबांचा हात काल दिसलाच, आणि हिने कधी स्क्रू पिळलेला नाही."

मुलगी हळूच काकाकडे वळली.

"अक्षरं लपवायची का, ते होडीच सांगते. कड नखाने दबतेय. खडकावर आपटून फळी फुटेल, कुजणार नाही. ती आधीच कुजली होती. मिस्त्रींसारख्या माणसाला ते दिसलं नसेल? दिसलं होतं. म्हणून त्यांनी लिहिलं." बाईंचा आवाज खाली आला. "धाकटे मिस्त्री, उकडत असेल. कोट काढा."

 धाकट्या मिस्त्रींनी बटणं काढली. आतल्या खिशातून लाकडाचा चौकोन काढून वहिनींच्या हातात दिला.

मिस्त्रीणबाईंनी तो उजेडाकडे धरला आणि वाचलं. "धाकट्या, ही फळी कुजलीय. बदलल्याशिवाय होडी पाण्यात घालू नको."

"दादाने तोंडी सांगितलं होतं," ते म्हणाले. "खूण केलीय म्हणाला. गिऱ्हाइकांच्या होड्यांचं काम तुंबलं होतं. मी जाळी उचललीच नाही, वहिनी. बाहेरून वॉर्निश मारलं. दोन दिवसांनी त्याने विचारलं, बदललीस ना? मी हो म्हटलं."

"आणि त्यांचा तुमच्यावर विश्वास होता," बाई म्हणाल्या. "पाणी आत येऊ लागल्यावर सगळ्यात जवळचा काठ होता तो खडकांचा. म्हणून ते तिकडे वळले."

"काल साहेब अक्षराचं बोलले तेव्हा कळलं, त्याने नुसती खूण केली नव्हती. लिहिलंही होतं. पहाटे कापून काढलं. जाळायला गेलो. त्याचं अक्षर आहे. जाळता येईना."

"काका, तुम्ही आमच्या घरी येऊन जेवत होतात," मुलगी म्हणाली. "लोक बाबांना बेवडा म्हणत होते, आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."



मिस्त्रीणबाई लाकडाकडे बघत होत्या. "म्हणजे ते प्यायलेले नव्हते."

"नाही, वहिनी."

"पोलिसांकडे मी घेऊन जाईन यांना," कंपाउंडर घसा खाकरत म्हणाले. सकाळपासूनचं त्यांचं हे पहिलं बरोबर वाक्य.

"न्या. पण आधी भावजी बाहेर जातील." मिस्त्रीणबाईंनी फळी पदरात गुंडाळली. "माईक लावलाय ना? तिथून सांगा. सगळे आलेत आज."

धाकटे मिस्त्री गेले. मुलीने आईचा हात धरला.

"मला अजून काहीच वाटत नाहीये गं," आई म्हणाली.

"वाटेल. वेळ लागतो."

बाहेरची ठोकाठोक एकेक करत थांबली. माईक खरखरला. धाकट्या मिस्त्रींचा आवाज आला, अगदी बारीक, शेडपर्यंत जेमतेम पोचणारा. "माझा दादा प्यायलेला नव्हता. चूक माझी होती."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अहो, ऐकू येत नाही! मोठ्याने बोला!"

मिस्त्रीणबाईंनी मान वर केली.  मग तेच वाक्य पुन्हा आलं, शब्दन् शब्द, तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.