आजचा शब्द

तारमास्तर त्या रात्री घरून निघाला तो अगदी साध्या कामाला. मित्र आजारी. मित्राची मुलगी इस्पितळात नर्स, तिला रात्रपाळी. म्हाताऱ्याजवळ रात्रभर कुणीतरी बसायला हवं होतं. एवढंच.

"मामा, हा तारमास्तर कोण?" धाकट्या भाचीने विचारलं. वीज गेली होती आणि सगळी भाचरं गच्चीवर मामांभोवती गोळा झाली होती.

"पंधरा वर्षं माझ्या शेजारी राहिला. हे त्यानेच मला सांगितलं. आता मध्ये बोलायचं नाही. ज्याला भीती वाटते त्याने आत्ताच खाली जाऊन आईच्या कुशीत झोपावं."

कुणी हललं नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. नोव्हेंबरची अकरा तारीख, मंगळवार. साडेनऊला तारमास्तर पोहोचला. मुलगी पायात चपला अडकवून दारातच उभी. "काका, गोळी अकराला द्या. आणि बाबा तुमचं ते जुनं विचारतील, तर नेहमीचंच सांगा. त्याशिवाय झोप लागत नाही त्यांना."

हे 'नेहमीचं' म्हणजे काय, ते आधी ऐका.

दोघं तरुणपणी एकाच पलटणीत होते. लढाई पेटली तेव्हा खिंडीवरचं एक ठाणं सांभाळायला एकोणीस जण ठेवले होते. मागची वाट तुटलेली, शिधा संपत आलेला. चार दिवस शत्रू खालून चढत होता आणि हे त्याला परतवत होते. टेलिफोन तारमास्तराकडे, म्हणून तर हे नाव. रोज संध्याकाळी तारेवरून त्या रात्रीचा परवलीचा शब्द यायचा. अंधारात कुणी समोर आलं की पहारेकरी विचारणार, "शब्द?" बरोबर सांगितला तर आपला माणूस. चुकला तर गोळी. ठाण्यापुढे उतारावर दोनशे पावलांवर दोन जवान शत्रूची चाहूल घेत बसायचे. त्यांना शब्द नेऊन सांगायचं काम तारमास्तराचं.

पाचव्या संध्याकाळी शब्द आला, 'कंदील'. उतारावर तोफेचे गोळे पडत होते. तारमास्तर खंदकाच्या तोंडापर्यंत गेला, दगडाआड दहा मिनिटं बसला आणि माघारी आला. साहेबांनी विचारलं, "सांगितला?"

हा म्हणाला, "सांगितला."

भ्याला, त्याचं काही नाही. तिथे सगळेच भीत होते. पण खोटं बोलला.

रात्री दोनला ते दोघे धावत वर आले. शत्रू डाव्या अंगाने चढतोय हे सांगायला. पहाऱ्यावर होता हाच मित्र. पलटणीत त्याला नेमबाज म्हणत. त्याने विचारलं, "शब्द?"

ते म्हणाले, "गवत." तो कालचा होता.

दोन गोळ्या. दोन माणसं.

गोळ्यांच्या आवाजाने ठाणं जागं झालं, हल्ला परतवला, ठाणं राखलं. पदकंसुद्धा मिळाली. त्याला मात्र पुन्हा कुणी नेमबाज म्हटलं नाही. पंचेचाळीस वर्षं तो तारमास्तराला एकच विचारत राहिला, "त्यांना शब्द ठाऊक होता ना रे? का मीच चुकीचं ऐकलं?" आणि हा दर वेळी सांगायचा, "ठाऊक होता. मी स्वतः सांगितला. घाबरून विसरले असतील." मेलेल्यांच्या माथी मारून हा मोकळा.

"खरं का नाही सांगितलं?" भाचीने न राहवून विचारलं.

"लाज, बाळा. पहिल्या दिवशी सांगितलं नाही, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लागते. पुढचा हिशेब तूच कर."

तर अकराला गोळी झाली. नेमबाज म्हणाला, "पाणी दे की. का त्यालाही तारेवरून हुकूम यायचाय?" दोघं हसले. मग त्याने ते विचारलं, याने नेहमीचं सांगितलं. तो झोपला.

दोन वाजून दहा मिनिटांनी दारावर थाप पडली.

महिनाभर कुशीवर वळू न शकलेला माणूस ताडकन उठून बसला. आवाज पंचविशीतल्या पोराचा.

"थांब! शब्द?"

बाहेर कुणीतरी धापा टाकत होतं...

"गवत."

"शब्द?"

"गवत... गवत..." आता दोन आवाज.

नेमबाजाने मान वळवली. "मी नीट ऐकलं ना?"

"नीट ऐकलंस."

"मग ते विसरले?"

बाहेरची धाप थांबली. जणू तिकडेही कुणी कान दिला होता.

"नाही," तारमास्तर म्हणाला. "विसरले नाहीत. मी सांगितलाच नव्हता. मी गेलोच नाही रे..."

नेमबाज म्हणाला, "मग आता जा. सांगून ये."

याने दार उघडलं. पायरीवर कुणी नव्हतं. रस्ता रिकामा. तो चालत राहिला. दोनशे पावलं. मोजून.

"कंदील."

मग मोठ्याने.

"आजचा शब्द... कंदील."

त्याच्या दोन्ही खांद्यांना घासून काहीतरी गेलं. घराकडे.

तो धावला. दार बंद. त्याने थाप मारली.

आतून नेमबाजाचा आवाज. शांत. "शब्द?"

"कंदील! अरे, मी आहे, उघड!"

"तो कालचा. आजचा सांग."

त्याला ठाऊक नव्हता.

सहाला मुलगी आली. "काका, बाहेर का बसलात?" तिने दार नुसतं लोटलं. उघडलं. आत गेली, बापाच्या मनगटाला हात लावला. ती नर्स, तिला लगेच कळलं. अंग गार पडलं होतं. तीन तास तरी झाले होते, म्हणाली.

मामा थांबले.

नेमबाज पलंगाच्या मधोमध सरळ निजलेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना गादी दबलेली. दोन माणसं रात्रभर जवळ बसावीत तशी. तारमास्तराने एका खळग्यात हात ठेवला. मग दुसऱ्यात.

दोन्ही अजून ऊबदार होते.